गोफणीतून दगड घरंगळतो, काय चुकतंय?

प्रश्न: ज्वारी हुरड्यात आलीय, पाखरांसाठी सुतळीची गोफण विणली. तीन पेडी वेणी, मधे कापडाची पट्टी. फिरवताना दगड निसटतो, दोरीही पीळ खाते. मापं कुणी सांगेल का?

उत्तर १: कापड काढा. ते सपाट राहतं, दगड बसत नाही. चार पेड घ्या, प्रत्येक पावणेतीन मीटर. विणताना लांबी बरीच आटते. एका टोकाला बोट जाईल एवढा फास करून चौपेडी गोल वीण ८० सेंटिमीटर चालवा. मग पेड दोन-दोन असे फाकवा आणि त्यांत आडवा दोरा खाली-वर घालत १२ सेंटिमीटरची वाटी विणा. दोरा टोकांना आवळून, मधे सैल. खोलगटपणा त्यातूनच येतो. पुढे पुन्हा ८० सेंटिमीटर. पीळ येतो तो पेड कमी-जास्त ओढल्यामुळे.

उत्तर २: सुतळीपेक्षा अंबाडीचा वाख, म्हणजे तिच्या सालीचा धागा, केव्हाही चांगला. विणताना ओलसर ठेवा. फेकताना हातातून सुटणाऱ्या टोकाला फास नको, साधी गाठ मारा. बोटात अडकलं तर दगड मागे जातो. गाठ मारण्याआधी वाटीत दगड ठेवून गोफण लोंबकळवा, वाटी तिरकी झाली तर गाठीची जागा सरकवा.

उत्तर ३: दगडाऐवजी मातीचे वाळवलेले गोळे वापरा, वजन सारखं राहतं, नेम बसतो. शेजारच्या रानात माणसं असतील तर गोळाही नको. सुटत्या टोकाला वाखाचा गोंडा सोडा, रिकाम्या गोफणीच्या फटकाऱ्यानेही पाखरं उठतात.