लॉरा २०१०, मागचे टायर आतून खातायत: आर्म पूर्ण बदलू की फक्त बुश?

गंगापूररोडकर
मंडळी, स्कोडा लॉरा २०१० ची आहे, टू लिटर डिझेल. मागचे दोन्ही टायर आतल्या बाजूने खातायत, बाहेरून बघितलं तर चांगले वाटतात आणि आत हात फिरवला की दाते लागतात. ८० च्या पुढे मागून हूंSS असा आवाज. एका मेकॅनिकने बेअरिंग गेलं म्हणून सांगितलं, दुसऱ्याने रॅम्पवर घेऊन पहार लावून दाखवलं की ट्रेलिंग आर्मचा (चाकाला पुढून धरणारा लांब दांडा) मोठा बुश, म्हणजे सांध्यातलं रबर, फाटलाय आणि वरच्या आर्मचे पण ढिले झालेत. आता तो म्हणतो मागचे सगळे आर्म नवे टाका, आणि शोरूमचा भाव ऐकून मी गप्प घरी आलो. दुकानदार लोकल सेट अर्ध्याहून कमीत देतोय, ऑफिसातला मित्र म्हणतो पीयू बुश (रबराऐवजी कडक पॉलियुरेथेनचा) टाक परत बघायला नको. गाडी कामासाठी मुंबईला जाते, कसारा घाट उतरताना वळणावर ब्रेक लावला की मागचा भाग जरा उशिरा वळतो असं वाटतं. खर्च करायचाय पण उगाच उधळायचा नाही, काय करू?

सातपूर_पाना
दादा, आधी चारही चाकांच्या अलाइनमेंटची प्रिंट काढा, मागची पण. बऱ्याच ठिकाणी पुढचा टो (वरून बघितलं तर चाकाचं तोंड किती आत-बाहेर वळलंय ते) करून देतात आणि मागे बघत पण नाहीत. तुमच्या गाडीला मागे दोन्ही सेट होतं, वरच्या आर्मच्या आतल्या बाजूच्या बोल्टवर कॅम्बर, म्हणजे चाक वरून किती आत-बाहेर झुकलंय ते, आणि खालच्या मोठ्या आर्मच्या, म्हणजे ज्यावर स्प्रिंग बसते त्याच्या बोल्टवर टो. हे बोल्ट फिरवले की आर्म आतबाहेर सरकतो.

कंपनीचाच कॅम्बर उणे १ अंश २० मिनिटांच्या आसपास असतो, म्हणजे चाक वरून आत झुकलेलंच दिसणार, ते बघून घाबरू नका. नुसत्या तेवढ्याने टायर असा खात नाही. टो बिघडला की चाक सरळ न फिरता घासत चालतं, दाते त्यानेच पडतात आणि तोच आवाज लोकं बेअरिंगचा समजतात. बेअरिंगची खात्री करायची तर चाक उचलून हाताने फिरवा, खरखर हाताला लागते.

आणि बुश फाटलेला असताना अलाइनमेंट करून पैसे घालवू नका. उभ्या गाडीला आकडे बरोबर येतील, पण रस्त्यावर ब्रेक लागला की आर्म मागेपुढे होतो आणि टो परत हलतो, घाटात तुम्हाला जे वाटतंय ते बहुतेक हेच.

जुनी_ऑक्टाव्हिया
म्हणून आम्ही आमची २००३ ची सोडत नाही 😄 मागे टॉर्शन बीम, म्हणजे दोन्ही चाकं एकाच आडव्या बीमला जोडलेली, दोन मोठे बुश, संपला विषय.

सातपूर_पाना
हो पण खड्ड्यातून गेल्यावर दोन्ही चाकं एकमेकांना धक्क्याचा निरोप देतात त्याचं काय 😀

अंबड_प्रेस
आमच्याकडे बुश काढाघालायला रोज गाड्यांचे आर्म येतात म्हणून लिहितो. ट्रेलिंग आर्म पूर्ण घेऊ नका, ती जाड पत्र्याची पट्टी आहे, खड्ड्यात आपटून वाकली नसेल तर तिला काही होत नाही, फक्त बुश घ्या आणि प्रेसवर बसवून घ्या. हातोडीने बसवणाऱ्याकडे जाऊ नका, बाहेरची रिंग चेपते. त्या बुशला दिशा असते, रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, म्हणून जुना काढायच्या आधी आर्मवर खूण करून ठेवायची. ९० अंश फिरवून बसवलेले बघितलेत, मग गिऱ्हाईक म्हणतं नवा बुश टाकून पण गाडी आपटते.

वरचे आर्म मात्र पूर्ण घ्या, बुश प्लस मजुरी प्लस वेळ यात फार फरक उरत नाही. खालच्या स्प्रिंगवाल्या आर्मला गंज बघा, स्प्रिंग बसते त्या वाटीत चिखल साठतो. गंज नसेल तर तो राहू दे. फक्त त्याचा टो सेट करायचा बोल्ट बुशच्या नळीत गंजून धरलेला असतो, फिरतच नाही, कापावाच लागतो. तसं झालं तर तो आर्म पण नवा घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गाडी रॅम्पवर, चाकं लटकलेली, अशा अवस्थेत बोल्ट फायनल टाईट करू देऊ नका. बुशमधलं रबर आतल्या नळीला आणि बाहेरच्या रिंगला चिकटवलेलं असतं, ते फिरत नाही, पिळतं. लटकलेल्या स्थितीत कसलं की गाडी खाली आल्यापासून बुश कायम पिळलेलाच, लवकर फाटणार, मग पार्ट कितीही भारी असो. गाडी उचलायच्या आधी हबच्या (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग) मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेपने माप घ्यायचं, काम झालं की हब जॅकने तेवढ्याच मापाला उचलायचा आणि मग कसायचं. उभे राहून करून घ्या, घाईत हेच सुटतं.

इंदिरानगर_टीडीआय
पीयूला लोकं उगाच नावं ठेवतात. माझ्या जेटाला मागे पीयू आहे, घाटात गाडी एकदम रुळावर चालल्यासारखी. सिलिकॉन ग्रीस लावून बसवलं की किरकिर येत नाही.

अंबड_प्रेस
भाऊ वरच्या आर्मला पीयू चालेल, माझी हरकत नाही. पण ट्रेलिंग आर्मच्या बुशला एकाच वेळी फिरायचं, थोडं मागे जायचं आणि कडेला पिळायचं असतं, ते मऊ रबरच बरं करतं. तिथे कडक टाकलं की प्रत्येक खड्डा सीटमधे. द्वारका ते नाशिकरोड पावसाळ्यात रोज जाऊन बघा मग बोलू.

इंदिरानगर_टीडीआय
ते खरंय, खड्डे आहेत त्याहून जरा मोठे लागतात 😅 पण मला चालतं.

गंगापूररोडकर
सगळ्यांचे आभार. मग ट्रेलिंगचे बुश आणि वरचे आर्म दोन्ही बाजूंचे, रबरच. ब्रँड कुठला? आणि लोकल सेट अगदीच नको का?

सातपूर_पाना
लोकल नको, रबर कशाचं आहे ते बाहेरून कळत नाही. लेमफर्डर मिळाला तर डोळे झाकून घ्या, मायले आणि फेबी पण चालतील. पार्ट नंबर चेसिस नंबरवरून काढा, यातले बरेच १के० ने सुरू होतात आणि गोल्फ, जेटा, ऑडी ए३ यांना तेच लागतात, म्हणून दुकानदाराला लॉरा न सांगता नंबर सांगा. इथे नसेल तर पुण्याला नाना पेठ नाहीतर मुंबईत ऑपेरा हाऊसला फोन करून बघा. बोल्ट नट नवेच घ्या, अंशात फिरवून कसायचे बोल्ट कंपनी परत वापरू देत नाही. मेकॅनिक म्हणेल जुने चालतात, ऐकू नका.

गंगापूररोडकर
आणि आत्ताचे टायर? दाते पडलेले पुढे टाकले तर?

सातपूर_पाना
पुढे टाकलेत तर आवाज पुढे येईल एवढंच. आत तारा दिसत नसतील तर काम होईपर्यंत चालवा, तारा दिसल्या तर घाट बंद. नवे टायर अलाइनमेंटच्या दिवशीच टाका, आधी नाही, आणि ते मागे टाका.