पगार सरकारचा, मग भरती संस्थेची का?

बालाघाटवरून
सरळ मुद्द्यावर येतो. अनुदानित खाजगी शाळेतल्या मास्तरचा पगार कोण देतं? सरकार. शालार्थ या सरकारी पगाराच्या पोर्टलवर बिल टाकायचं, शिक्षण खात्याच्या वेतन पथकानं पास करायचं, पैसे थेट मास्तरच्या खात्यावर. पुस्तकं सरकारची, आठवीपर्यंत खिचडी सरकारची. संस्थेचं काय, तर इमारत, गेटवर आजोबांचं नाव, आणि मास्तर कोण ठेवायचा हे ठरवायचा हक्क. या हक्काचा भाव आमच्याकडं चहाच्या टपरीवर पण माहिती असतो, इंग्रजीच्या जागेला एवढे, गणिताला एवढे. लोकांनी जमिनी इकून भरलेत. बीडला काय, परभणीला काय, सारखंच.

माझं म्हणणं अनुदान बंद करा असं बिलकुल नाही. द्या, वेळेवर द्या. पण ज्या जागेचा पगार तिजोरीतून जातो ती जागा संस्थेनं भरायची नाही. मेरिट लिस्ट, समुपदेशन म्हणजे समोर बोलवून शाळा निवडायला देणं, ऑर्डर, जसं झेडपीला होतं तसं. ज्याला स्वतःची माणसं लावायचीत त्यानं 2012 चा स्वयंअर्थसहाय्यितचा कायदा आहे की, त्यात शाळा काढावी आणि स्वतःच्या खिशातून पगार करावा.

बोला.

संस्थेतला
दादा अर्धवट माहितीवर धागा काढू नका. 2017 पासून शिक्षक भरतीचं सरकारी पवित्र पोर्टल आहे, अभियोग्यता परीक्षेच्या मार्कावर यादी येते. 2012 पासून भरतीच बंद होती कितीतरी वर्षं, तुम्ही म्हणता तो बाजार कधीच उठला. शिपायाच्या जागा तर 2020 ला पगाराऐवजी ठरावीक भत्त्यावर नेऊन ठेवल्या, आता घंटा कोणी वाजवायची आणि संडास कोणी धुवायचा ते तुम्हीच सांगा. पगार सोडून बाकी खर्चाला वेतनेतर अनुदान म्हणून जे येतं त्यात वर्षाचं लाईट बिल पण निघत नाही. संस्था म्हणलं की चोर, हे ठरवूनच बसलात.

बालाघाटवरून
पवित्रमधे "मुलाखतीसह" नावाचा पर्याय कशासाठी ठेवलाय मग? एका जागेसाठी यादीतले अनेक जण संस्थेच्या दारात उभे राहतात आणि मुलाखत घेऊन निवडणार संस्था. त्या बंद खोलीत काय विचारतात, अध्यापन कौशल्य का? बाजार उठला नाही दादा, शटर अर्धं खाली ओढलंय फक्त.

मांजराकाठ
😂 शटर अर्धं

विनाअनुदानित_गुरुजी
तुम्ही दोघं पण ज्या पगारावरून भांडायलेत तो आम्हाला मिळाला असता तर मी पण भांडलो असतो.

माझी शाळा 2001 नंतरची. तेव्हा परवानगी देतानाच कायम विनाअनुदानितची, म्हणजे कधीच अनुदान मागायचं नाही अशी अट घातलेली, 2009 ला त्यातला "कायम" शब्द काढला. आम्ही पेढे वाटले. मग मूल्यांकन, मग तपासणी, मग त्रुटी, मग परत तपासणी. 2016 ला पगाराच्या 20 टक्के अनुदान द्यायचा जीआर आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमधे औरंगाबादला मंत्रिमंडळाची बैठक होती तेव्हा आमच्याच मोर्चावर लाठ्या पडल्या, हे किती जणांच्या ध्यानात आहे माहीत नाही. 20 टक्के म्हणजे किती ते बगा. हायस्कूलच्या बीएड शिक्षकाचं सातव्या वेतनात मूळ 38,600, त्याचा पाचवा हिस्सा 7,720, महागाई भत्ता पण त्याच हिशोबानं. एवढ्यात घरभाडं, पोराची फी, आईची गोळी. 2023 ला टप्पा वाढला, 2024 च्या ऑक्टोबरला पुढच्या टप्प्याचा जीआर निघाला पण पैशाची तरतूद नाही, म्हणून 2025 च्या जुलैत पावसात परत आझाद मैदान. वर्गात आम्ही शंभर टक्के शिकवतो ना, का 40 टक्क्यावाल्यानं पाठाचा निम्माच भाग घ्यायचा?

आणि एक सांगतो, संस्थेला पैसे देऊन लागलो का म्हणून कोणी विचारायच्या आधीच. काही जणांनी दिलेत. का दिलेत, तर दुसरं दार नव्हतं म्हणून. देणारा पण गुन्हेगार धरायचा असेल तर धरा, पण घेणारा अजून अध्यक्ष आहे आणि 15 ऑगस्टला झेंडा तोच लावतो.

झेडपीवाला
गुरुजींबद्दल आदर आहे पण मूळ प्रश्न कोणी बोलत नाही. एका तालुक्याला किती खाजगी शाळा लागतात हे कोणी ठरवलं? ज्या गावात झेडपीची सातवीपर्यंत शाळा चांगली चालली होती तिथंच रस्त्याच्या पलीकडं संस्थेची पाचवी ते दहावी निघाली, कारण साहेबांना गटात कार्यकर्ते पाहिजे होते. मग दोघांनी तीच पोरं ओढायची. आमचे दोन शिक्षक अतिरिक्त, त्यांचे चार अंशतः अनुदानित, आणि गावात पोरं तेवढीच. हाच पैसा झेडपीच्या शाळेत घाला, संगणक द्या, नववी-दहावी जोडा, शिक्षकाची इतर कामं कमी करा. खाजगीला अनुदान हीच मुळात चूक झाली.

नांदेड विसरलात का? 2011 ला तेव्हाचे कलेक्टर श्रीकर परदेशी यांनी एकदम सगळ्या शाळांत पट मोजला, बोटाला शाई लावून, म्हणजे एक पोरगं दोन शाळेत दाखवता येऊ नये. एवढी बोगस पोरं सापडली की त्याच ऑक्टोबरमधे सगळ्या राज्यात मोजणी करायला लागली. अनुदान पटावर, म्हणून पट कागदावर.

निवृत्त_हेडमास्तर
झेडपीवाले, बाळा, "मुळात चूक" हा शब्द परत घे. मराठवाड्यात निजामाच्या काळात मराठीतून शिकायची सोय कोणी केली? सरकारनं? हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा, अंबाजोगाईचं योगेश्वरी, संभाजीनगरचं सरस्वती भुवन. ह्या सगळ्या लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या संस्था. स्वामी रामानंद तीर्थ आधी मास्तर होते, हिप्परग्याला आणि मग अंबाजोगाईला, मग मुक्तिसंग्रामाचे पुढारी. 17 सप्टेंबर 1948 ला आपण मोकळे झालो तेव्हा सरकारकडं ना इमारती होत्या ना माणसं. संस्थांना अनुदान दिलं म्हणून तुमच्या-माझ्यासारख्या शेतकऱ्याच्या पोरांना दहावी बघायला मिळाली. मी स्वतः अनुदानित शाळेत शिकलो आणि तिथंच नोकरी केली. संस्थेच्या सेक्रेटरींनी मला कधी एक रुपया मागितला नाही, उलट दुष्काळात वसतिगृहाला स्वतःच्या शेतातली ज्वारी द्यायचे.

तसे सेक्रेटरी आता नाहीत हे मान्य. पण म्हणून अख्खी पद्धत मोडीत काढायची?

बालाघाटवरून
काका, तुमच्या सेक्रेटरींना माझा नमस्कार. ते असते तर त्यांना भरतीचा हक्क गेल्याचं दुःख पण झालं नसतं, कारण त्यांना त्यात कमवायचं नव्हतं. 1977 चा खाजगी शाळा कर्मचाऱ्यांचा कायदा पण तशाच भल्या माणसांच्या भरवशावर व्यवस्थापनाला नेमणुकीचा अधिकार देऊन बसला.

हिशोबनीस
सगळे शाळेला पैसे की मास्तरला पैसे यावर अडकलेत. पोराला द्या ना. एका पोरामागं सरकार जेवढा खर्च करतं तेवढं कूपन पालकाच्या हातात, त्यानं पाहिजे त्या शाळेत न्यावं. वाईट शाळा आपोआप बंद पडतील, संस्थाचालक पालकाच्या पाया पडतील.

झेडपीवाला
कुठं राहता साहेब? आमच्या तांड्यावर एकच शाळा आहे, चौथीपर्यंत. कूपन घेऊन पोरगं कुठं जाणार, आणि जीप कोण लावणार? दिवाळी झाली की अर्धा तांडा कारखान्याला. कूपन कर्नाटकात चालेल का?

पालक_जालना
कूपनचा अनुभव आम्हाला आहे भाऊ, शिक्षण हक्क कायद्यानं खाजगी शाळेत गरिबांच्या पोरांना 25 टक्के जागा, ते आरटीई म्हणजे दुसरं काय. माझी मुलगी लॉटरीत लागली, इंग्लिश मिडियम, आम्ही नवरा-बायको दोघं खूष. फी सरकार भरणार. मग पहिल्याच आठवड्यात लिस्ट हातात आली, दोन ड्रेस, स्पोर्टचा तिसरा, शूज शाळा सांगेल त्याच दुकानातून, वह्या-पुस्तकांचा सेट, व्हॅनचे वेगळे, गॅदरिंगचे वेगळे. मी एमआयडीसीत हेल्पर आहे. कायद्यात पुस्तकं-ड्रेस फुकट लिहिलंय म्हणतात, ऑफिसमधे विचारलं तर मॅडम म्हणल्या आधी सरकारला आमचे पैसे द्यायला सांगा. आता ती सातवीत आहे. आरटीई आठवीपर्यंतच. नववीची फी मी कुठून आणू?

संस्थेतला
ताई, मॅडमचं बोलणं चुकलं पण खोटं नाही बोलल्या. आमची पण एक इंग्लिश मिडियम आहे म्हणून सांगतो. सरकार एका मुलामागं वर्षाला 17,670 धरतं, आमची फी कमी असेल तर तेवढीच. ते पण चालू वर्षाचं चालू वर्षात येत नाही, वर्षानुवर्षं थकतंय. मोठ्या शहरातल्या मोठ्या शाळेला झेपतं, जालन्या-परभणीच्या दोनशे पोरांच्या शाळेला नाही झेपत. मी शिक्षिकांचे पगार दोन-दोन महिने लांबवलेत त्यामुळं. सरकार स्वतः पैसे देणार नाही आणि फुकट शिकवा म्हणणार.

मांजराकाठ
आणि पैसे द्यायचा कंटाळा आला म्हणून 9 फेब्रुवारी 2024 ला काय केलं? एक किलोमीटरच्या आत सरकारी नाहीतर अनुदानित शाळा असेल तर खाजगीनं 25 टक्के द्यायची गरजच नाही असा नियम काढला. म्हणजे शहरात जवळपास सगळ्याच सुटल्या. जुलैत हायकोर्टानं तो रद्द केला म्हणून बरं, नाहीतर ताईच्या मागच्या पोरांना ती पण लॉटरी नव्हती. सरकारला अनुदान द्यायचं नाही, 25 टक्क्याचे द्यायचे नाहीत आणि झेडपीचे वर्ग पण चालवायचे नाहीत. वरून आपल्याला आपसात लावून दिलंय.

संस्थेतला
पहिल्यांदा कोणीतरी शहाण्यासारखं बोललं. माझं तर म्हणणं हेच होतं.

बालाघाटवरून
नाही, तुमचं म्हणणं हे नव्हतं. 🙂 सरकार पैसे थकवतं हा सरकारचा दोष, शंभर टक्के मान्य. पण त्याच्याआड भरतीचा विषय झाकू नका. थकलेले पैसे वेळेवर मिळाले तर मुलाखतीचा हक्क सोडता का? हो किंवा नाही.

संस्थेतला
शाळा आम्ही काढली, जागा आमची, कर्ज आमच्या नावावर, निकाल लागला नाही तर शिव्या आम्हाला. नको तो मास्तर आमच्या माथी मारणार आणि तो आला नाही, दारू पिऊन आला, तरी त्याला हात लावता येत नाही. टीम निवडायचा हक्क नाही आणि निकालाची जबाबदारी आमची, हे कुठल्या धंद्यात चालतं?

मांजराकाठ
"धंद्यात" 👀

विनाअनुदानित_गुरुजी
दोन्ही बाजू ऐकल्या. मी भरती सरकारनं करावी याच मताचा आहे, पण एक भीती आहे ती बालाघाट दादांनी समजून घ्यावी. उद्या असा नियम आला तर पहिला सवाल आमच्यावर येणार, की तुमची निवड संस्थेनं केली होती, मेरिटनं नाही, मग तुम्हाला पुढचा टप्पा कशाला. वय पंचेचाळीस झाल्यावर परत परीक्षा देऊ का? आत्ताच बगा कशी गत आहे ती. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मंजूर ते, 30 सप्टेंबरच्या पटावर, आणि पट म्हणजे आधार व्हॅलिड असलेलीच पोरं. आमच्याकडं ऊसतोडीवाल्यांची लेकरं. एकाचं आधारवर नाव "सोमनाथ", शाळेत "सोमिनाथ", जन्मतारखेत बापानं अंदाजानं 1 जून टाकलेला. दुरुस्तीला तालुक्याला न्यायचं तर आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते, आणि तिथं मशीनला बोटाचा ठसा उमटत नाही. म्हणून मी स्वतः गाडीवर बसवून पोरं नेतो, फॉर्म मी भरतो, वडापाव मी चारतो. पोरगं रोज शेवटच्या बाकावर बसलेलं दिसतं, पण पोर्टलवर इनव्हॅलिड. अशी चार-पाच पोरं गळाली की एक पद गेलं. पद गेलं की टप्पा कोणाला देणार?

झेडपीवाला
हे आमच्याकडं पण सेम आहे गुरुजी. आधारचं भांडण सगळ्यांचं एक.

हिशोबनीस
पण मग कूपन असतं तर

मांजराकाठ
साहेब कूपन राहू द्या आता

बालाघाटवरून
गुरुजी, जुन्यांना धक्का लावायचा नाही हे धाग्यातच लिहायला पाहिजे होतं, आता लिहितो. आत्तापर्यंत मान्यता मिळालेल्या सगळ्यांना एकदाच शंभर टक्क्यावर आणा, टप्पे-बिप्पे बंद. आणि त्या तारखेपासून पुढची प्रत्येक रिकामी जागा मुलाखतीशिवाय. संस्थेला मास्तर कामाचा नाही वाटला तर तक्रारीची ठरलेली मुदत, चौकशी, बदली. दारू पिऊन येणारा झेडपीत पण नको आणि तुमच्याकडं पण नको. याला पैसा लागतो, आणि तो कुठून आणायचा हे वित्त विभागाचं काम, माझं नाही. कोठारी आयोगानं 1966 ला राष्ट्रीय उत्पन्नाच्या 6 टक्के शिक्षणावर घाला सांगितलं होतं, अजून तिथं पोचलो नाही.

निवृत्त_हेडमास्तर
बदलीचा अधिकार संस्थेच्या बाहेर गेला तर एका शाळेत तीस वर्षं राहून तीन पिढ्या शिकवणारा मास्तर संपला म्हणून समज. मला हे पटत नाही. पण लाचेपेक्षा ते बरं, एवढं म्हणतो.

आणि जालन्याच्या ताई, तुमच्या प्रश्नाला कोणी उत्तर दिलं नाही. मुलीची आठवी झाली की तिचा टीसी घ्या आणि जवळच्या अनुदानित हायस्कूलला नववीत नाव घाला. अनुदानित शाळेत मुलींना बारावीपर्यंत शिक्षण फी नाही. माध्यम बदलायची भीती वाटत असेल तर सेमी इंग्रजीचे वर्ग बऱ्याच शाळांत आहेत, गणित-विज्ञान इंग्रजीतूनच राहतं. विकास निधी किंवा इमारत निधी म्हणून पैसे मागितले तर पावती मागा. पावती म्हणलं की निम्मे गप्प बसतात.

पालक_जालना
धन्यवाद काका. पावती द्यायला तयार झाले तर?

निवृत्त_हेडमास्तर
मग ती पावती घेऊन गटशिक्षणाधिकाऱ्याकडं लेखी तक्रार द्यायची, आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय टेबल सोडायचं नाही.