बेकारीत दुसरी पदव्युत्तर पदवी घ्यावी का? उत्तर कळवायला आठच दिवस आहेत

रानवाट

वनस्पतिशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन चौदा महिने झाले. नोकरी नाही. साठेक अर्ज केले, पाच ठिकाणांहून मुलाखतीला बोलावणं आलं, एकदा शेवटच्या फेरीपर्यंत पोहोचले. आता डेटा सायन्सच्या दोन वर्षांच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रवेश मिळालाय. निम्मी फी साठवलेल्या पैशांतून, निम्मी कर्ज काढून. आठ दिवसांत होकार कळवायचाय.

मन ओढ घेतंय, पण नेमकं कशाकडे ते कळत नाही. विषयाकडे, की 'सध्या काय करतेस?' या प्रश्नाला द्यायला उत्तर मिळेल याकडे? प्रवेशाचं पत्र आलं त्या रात्री कित्येक महिन्यांनी शांत झोप लागली. मला त्या झोपेचीच भीती वाटतेय. स्पष्ट बोला, वाईट वाटून घेणार नाही.

उंबरठा

नको. घेऊ नका.

पत्र हातात पडताच झोप लागली, म्हणजे तुम्हाला या पदवीतून जे हवं होतं ते त्याच रात्री मिळालं. पुढची दोन वर्षं आणि कर्ज ही त्या झोपेची किंमत आहे. चौदा महिन्यांत साठ अर्ज म्हणजे आठवड्याला एक. आणि साठांत पाच मुलाखती हे काही हताश व्हावं असं प्रमाण नाही. दार बंद आहे असं यावरून दिसत नाही, दार पुरेसं वाजवलं गेलं नाही असं दिसतं. आधी चार महिने आठवड्याला पाच अर्ज करून बघा, प्रत्येक जागेसाठी वेगळा बायोडेटा लिहून.

दीपमाळ

पूर्ण असहमत. 'आठवड्याला एकच अर्ज' हे ज्याच्या हातात काम आहे त्याला बोलायला सोपं आहे.

ऑस्ट्रियात मारिएन्थाल नावाच्या गावातली कापडगिरणी बंद पडली आणि जवळजवळ सगळं गाव बेकार झालं. मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी त्या गावाचा अभ्यास केला, तो 1933 साली प्रसिद्ध झाला. लोकांकडे वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून नेली जाणारी पुस्तकं कमी झाली. पुरुषांची रस्त्यावरची चालही मंदावली. नोकरी पगाराखेरीज काय देते हे याहोडाने पुढे मांडलं: दिवसाला आकार, माणसांची सोबत, सामायिक उद्दिष्ट, समाजात स्थान आणि हालचाल करायची सक्ती. पगार सोडला तर यातलं जवळपास सगळं अभ्यासक्रमातून मिळतं.

मी स्वतः दीड वर्ष घरी होते. शेवटी शेवटी एका अर्जासाठी तीन दिवस हिंमत गोळा करावी लागायची. दुसऱ्या पदवीने मला काय शिकवलं हे नंतर सांगेन, पण रोज सकाळी साडेसातला उठवलं हे आधी. शिवाय रिकाम्या बसलेल्या माणसाच्या दोन वर्षांचं नुकसान ते काय होणार? पगार तसाही येत नाहीये.

तागडी

दीपमाळ, तुमच्या दीड वर्षाबद्दल मनापासून वाईट वाटलं. पण शेवटच्या वाक्याचा हिशोब चुकतोय, आणि याच चुकीपायी लोक कर्ज काढतात, म्हणून जरा लांबण लावतो.

आज नोकरी नाही, म्हणजे पुढचे चोवीस महिने ती मिळणारच नाही असं तुम्ही धरलंय. रानवाट यांना पाच बोलावणी आली आहेत. आणखी आठ महिन्यांत काहीतरी मिळेल असं धरू. मग प्रवेश घेतला तर सोळा महिन्यांचा पगार जातो, सोळा महिन्यांचा अनुभव जातो, वर फी आणि व्याज. नोकरी मिळायला वीस महिने लागतील असं वाटत असेल तर नुकसान चारच महिन्यांचं. म्हणजे 'पदवी घेऊ का' याच्या आधीचा प्रश्न 'न घेता मला किती दिवसांत काम मिळेल' हा आहे, आणि तो कुणी कागदावर मांडत नाही.

'गॅप वाढतोय' ही धास्तीही तपासून घ्या. अमेरिकेतल्या 100 शहरांत सुमारे 3,000 जागांसाठी 12,000 बनावट अर्ज पाठवून केलेला एक अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. बेकारीचे महिने वाढले तसं बोलावणं येण्याचं प्रमाण घसरलं, पण मुख्य घसरण पहिल्या आठ महिन्यांतली होती. तुमचे चौदा झालेत. जे नुकसान व्हायचं त्यातलं बरंचसं होऊन गेलंय, त्यामुळे पुढचे सहा महिने पहिल्या सहांइतके महाग पडू नयेत.

आणखी एक. सहाव्या महिन्यात नोकरी चालून आली तर अभ्यासक्रम सोडाल का? अर्ध्या पदवीला बाजारात फारसं मोल नसतं, कर्ज मात्र खरं असतं. याचं उत्तर आजच ठरवा.

दीपमाळ

तोच अभ्यास उलटाही वाचता येतो. रिकामे महिने माणसाला मागे ओढतात हे त्यातून दिसलंच ना? मग ते महिने भरून काढण्यात गैर काय? आणि तुमचे आठ महिने, वीस महिने हे माणूस रोज उठून अर्ज करत राहील असं धरून आहेत. ते बळच आटलं तर तागडीत काय टाकणार?

खिडकीपाशी

बरीच वर्षं उमेदवारांचे अर्ज वाचतो आहे, म्हणून माझ्या बाजूने.

पदवीमुळे माणसाची क्षमता वाढो न वाढो, ती मिळवता येणं हाच मालकासाठी एक संकेत असतो, असं मायकल स्पेन्स यांनी 1973 साली मांडलं (2001 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेल्या तिघांपैकी ते एक). दुसरी पदवी त्याच दिशेची असेल तर संकेत पक्का होतो. वेगळ्या दिशेची असेल तर मी विचारतो, हा माणूस इकडे का आला? उत्तर असेल तर ठीकच. वनस्पतींच्या नोंदी आणि आकडेवारी यांची सांगड घालणारं काम असेल तर उलट मी तो अर्ज बाजूला काढून ठेवतो.

पण शिकवणं, वकिली, अशा कामांत पदवीवाचून आत पाऊलच टाकता येत नाही. तिथे वाद घालण्यात अर्थ नाही. डेटाच्या कामात तसं नाही, तिथे मी आधी केलेलं काम बघतो.

रानवाट, पाच मुलाखतींत नकार नेमका कशावरून आला? हे लिहिल्याशिवाय पुढे कुणीच काही सांगू शकत नाही.

रानवाट

काल रात्री जुने मेल काढून बसले. तीन ठिकाणी प्रत्यक्ष क्षेत्रीय कामाचा अनुभव कमी पडला. एका ठिकाणी संख्याशास्त्र कच्चं निघालं. पाचव्याने कारण दिलं नाही. चौदा महिन्यांत मी हे एकदाही एका कागदावर मांडलं नव्हतं. मनात सगळ्यांची मिळून 'तू नको' एवढीच एक गोष्ट झाली होती.

उंबरठा

तीन जण अनुभव मागतायत आणि तुम्ही त्यांच्यासमोर आणखी एक पदवी ठेवणार. सहा महिने कुठल्याही सर्वेक्षणावर मदतनीस म्हणून जा, मानधन थोडं असलं तरी.

दीपमाळ

मदतनीसाची जागाही कुणीतरी द्यावी लागते! चांगल्या अभ्यासक्रमात इंटर्नशिप सक्तीची असते, ती संस्थाच मिळवून देते. रानवाट, माहितीपत्रकावर विसंबू नका. मागच्या तुकडीतल्या दोघातिघांना गाठा, आता कुठे आहेत ते विचारा. नोकरी न मिळालेला एक तरी त्यांत असू द्या.

आणि ओळखींचं मोल कमी समजू नका. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांचा एक अभ्यास 1973 साली प्रसिद्ध झाला. त्यात ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना विचारलं, तेव्हा निम्म्याहून अधिक जणांची ती ओळख अधूनमधूनच भेटणाऱ्या माणसाशी होती. घरी बसलं की पहिली तुटतात ती हीच माणसं.

रानवाट

आज दोन फोन केले. प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो, पण अनामत रक्कम परत मिळणार नाही. आणि मागच्या तुकडीतली एक मुलगी म्हणाली की इंटर्नशिप ऐच्छिक आहे, ज्याची त्याने शोधायची.

अनामत भरून वर्षभर पुढे ढकलायचं ठरवतेय. संख्याशास्त्र एकट्याने सुरू करते. आणि जिथे शेवटच्या फेरीत हुकलं होतं, तिथल्या मॅडमना आत्ताच मेल केला: क्षेत्रीय कामाला महिनाभर आले तर चालेल का?

दीपमाळ

तरी मी म्हणेन, ढकलू नका. पण ढकलणारच असाल तर सकाळी साडेसातची वेळ कुणासोबत तरी बांधून घ्या. एकट्याने नाही निभत ते.