मोठी मायच्या आठवणी रेकॉर्ड करायच्या आहेत, सुरुवात कुठून करू?

गिरणाकाठ: नमस्कार मंडळी. गाव भडगाव तालुक्यात, मी नोकरीमुळे पुण्यात. मोठी माय (आमची आजी) नव्वदीला टेकलीय, ऐकू कमी येतं पण डोकं शाबूत. आबा गेले तेव्हा त्यांना काहीच विचारून ठेवलं नाही याची फार रुखरुख आहे, म्हणून यंदा आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) जाईन तेव्हा तिचं सगळं रेकॉर्ड करायचं ठरवलंय. मागे मोबाईल समोर धरून "तुझं लग्न कोणत्या साली झालं" विचारलं तर "काय म्हाईत भो" म्हणून गप्पच झाली. पत्र्याच्या पेटीत तीसेक फोटो आहेत, काही एकमेकांना चिकटलेत, त्यात कोण कोण ते फक्त तिलाच माहीत. कुणी असं केलंय का?

चोपडेकर ताई: साल विचारूच नकोस भाऊ. 72 च्या दुष्काळात खडी फोडायला घरातलं कोण गेलं, सुकडी (दुष्काळात वाटायचे ते कोरडं खाणं) कुठे मिळायची, तेव्हा तुझे वडील केवढे होते, असं विचार. माझ्या आईची आत्या म्हणाली फैजपूरची काँग्रेस भरली तेव्हा मी पाळण्यात होते, आणि ते अधिवेशन डिसेंबर 1936 चं, म्हणजे जन्मसाल आपोआप हाती आलं. आणि अहिराणीतच बोल, पुण्याच्या मराठीत विचारलंस तर ती पाहुण्याशी बोलल्यासारखं मोजकंच बोलेल. रेकॉर्डिंग चालू आहे हे सांग, पण फोन बाजूला ठेव, वाती वळता वळता बोलू दे तिला. एका वेळी अर्धा-पाऊण तास, जास्त नको.

तापीचं पाणी: चिकटलेले फोटो ओढू नको!! आमच्या पणजोबांचा चेहरा असाच दुसऱ्या फोटोच्या पाठीवर निघून गेला, अजून वाईट वाटतं. काचेला चिकटला असेल तर काचेवरूनच फोटो काढ, खिडकीजवळ, फ्लॅश बंद करून. सुटे आहेत ते 600 डीपीआयवर स्कॅन कर. लॅमिनेशन अजिबात नको, मागे नाव लिहायचं तर मऊ पेन्सिलीने, बॉलपेनची शाई पुढे उमटते.

शिरपूरकर: कागदांचंही बघ. तहसीलला जुनी कोतवाल बुकं असतात, जन्म-मृत्यूच्या नोंदी, बऱ्याच मोडीत, तेव्हा मोडी वाचणारा सोबत ने. 1906 ला खानदेशचे दोन जिल्हे झाले त्यामुळे तुमच्याकडच्या कागदांवर पूर्व खानदेश दिसेल, गोंधळू नको. नाशिक-त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांच्या चोपड्यांत घराण्याची नावं मिळतात पण माझ्या अनुभवात तिथे पुरुषच जास्त, बायका गायब. आम्हाला आजोबांच्या बहिणींची नावं सापडली ती जमिनीच्या वारस फेरफारात. मोठी मायला तिच्या आईचं माहेर विचार, ते कुठल्याच कागदावर नसतं.

गिरणाकाठ: आखाजी करून कालच आलो, सगळ्यांचे मनापासून आभार. घागर पूजताना मोठी माय पितरांची नावं घेत होती, त्यात एक नाव आम्ही कुणीच ऐकलेलं नव्हतं. विचारलं तर तिची नणंद, दहा वर्षांची असताना तापाने गेलेली. दुपारी पेटी उघडली आणि तिने स्वतःच तो फोटो काढून दिला, आबांच्या शेजारी दोन वेण्यांची मुलगी, आजवर आम्ही तिला शेजारची कुणीतरी समजत होतो. मग दीड तास बोलत होती (पाऊण तासाचं बंधन मीच मोडलं, थांबवायचं धाडस झालं नाही). मागे पेन्सिलीने नाव लिहिलं तर मला ते मोठ्याने दोनदा वाचायला लावलं. पुढच्या सुट्टीत तहसीलला जातोय, कोतवाल बुकात तिची नोंद आहे का बघतो. भडगाव-पाचोऱ्याकडे मोडी वाचणारं कुणी असेल तर सांगा.