रेडिओ ब्रिजवर की राउटरवर?
वायरलेस इंटरनेट पुरवणाऱ्यांना एक सल्ला दिला जातो: ग्राहकाच्या छतावरचे सगळे रेडिओ (तुमचा सिग्नल घेणारी उपकरणं) सरळ ब्रिजवर टाका, म्हणजे रेडिओ डेटा नुसता पुढे ढकलेल; रेडिओ आणि घरातला राउटर दोघांनीही पत्ते बदलायचे, ती डबल नॅटची कटकट नको. डबल नॅटचं मान्य, पण ब्रिजमध्ये ग्राहकाचं घर थेट तुमच्या नेटवर्कला जोडलं जातं. कुणीतरी राउटर रीसेट करतं, रेडिओची केबल वॅन (इंटरनेटच्या) पोर्टऐवजी लॅन (घरातल्या) पोर्टमध्ये खुपसतं आणि त्या राउटरचा डीएचसीपी (आपोआप आयपी पत्ते वाटणारी सेवा) शेजाऱ्यांना १९२.१६८ वाले पत्ते वाटत सुटतो. तक्रारी दहा घरांतून, दोषी अकरावाच! ब्रिजच ठेवायचा तर तुमच्या बाजूच्या अ‍ॅक्सेस पॉइंटवर क्लायंट आयसोलेशन (ग्राहकांना एकमेकांपासून वेगळं ठेवणं) हवंच; शिवाय ग्राहकाकडून येणारं यूडीपी सोर्स पोर्ट ६७ (डीएचसीपी सर्व्हरची उत्तरं इथूनच निघतात) रेडिओवरच अडवा.

मी घरगुती जोडण्यांना रेडिओवरच पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडणी सुरू करायची पद्धत) लावतो, म्हणजे रेडिओच राउटर. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२ होतो, एमएसएस क्लॅम्प (टीसीपी पॅकेटं त्या मापात बसवणारी सेटिंग) विसरलात तर पिंग मस्त चालतं आणि नेमकी बँकेची साइट लटकते. सेशन रेडिओपर्यंत चालू दिसलं, की लफडं छतावर नाही, घरात आहे, हे फोनवरच कळतं. निम्म्या फेऱ्या वाचतात.

सीसीटीव्ही, व्हीपीएनवाल्या ऑफिसांना मात्र ब्रिजच द्या. युबिक्विटीच्या रेडिओंत त्यासाठी डब्ल्यूडीएस (ब्रिज पारदर्शक ठेवणारी सेटिंग) चालू ठेवा. मिक्रोटिकचा स्टेशन-ब्रिज मोड फक्त मिक्रोटिकच्याच अ‍ॅक्सेस पॉइंटशी जमतो. रेडिओच्या मॅनेजमेंटला वेगळं व्हीलॅन (त्याच केबलवरचं वेगळं आभासी नेटवर्क), ब्रिज असो वा राउटर.