धर्मग्रामाच्या सूचना पोहोचत नाहीत, लाइव्ह मिस्साचा आवाज फाटतो

बोरिवली_युवा: आमच्या धर्मग्रामात (पॅरिशमध्ये) मराठी, इंग्रजी, कोकणी अशा तिन्ही भाषांत मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना) होतात आणि व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप मात्र एकच. त्यात मिस्साची बदललेली वेळ गुड मॉर्निंगच्या फुलांखाली बुडते. यूट्यूबवर नोव्हेना (खास भक्तीची प्रार्थना) दाखवतो, तर प्रवचनाचा आवाज फाटका येतो. दोन्हींवर जाणकारांनी उपाय सांगावा.

कार्यालय_सेवक: व्हॉट्सअ‍ॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टच्या (एकच निरोप अनेकांना वेगवेगळा पाठवायच्या यादीच्या) वाटेला जाऊ नका. २५६ जणांची मर्यादा आहेच, शिवाय ज्यांनी कार्यालयाचा नंबर सेव्ह केलेला नाही त्यांना निरोप जातच नाही. व्हॉट्सअ‍ॅप चॅनेलमध्ये नंबर झाकलेले राहतात, पण त्याची सूचना मुळातच बंद असते आणि ते वेगळ्या टॅबमध्ये असतं. आजी-आजोबा तिकडे फिरकत नाहीत. कम्युनिटी (अनेक गट एकत्र जोडायची व्हॉट्सअ‍ॅपची सोय) करा. तिच्या घोषणा गटात फक्त अ‍ॅडमिन लिहितात, निरोप नेहमीच्या चॅटमध्ये दिसतो आणि सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. खाली विभागवार गट जोडा, गप्पा तिथे होऊ द्या.

सूचना पोस्टरच्या चित्रात कोंबू नका. मजकूर टाइप करा, आणि वर्ष हवंच: ‘राखेचा बुधवार, १८ फेब्रुवारी २०२६, मराठी मिस्सा संध्याकाळी ७’. वर्ष नसेल तर हेच पोस्टर पुढच्या उपवासकाळात फॉरवर्ड होऊन येतं आणि लोक चुकीच्या वेळी चर्चच्या दारात उभे राहतात.

नंबर आणि ईमेल कार्यालयाचे हवेत, कुणा स्वयंसेवकाचे नकोत. मुलगा नोकरीसाठी पुण्याला गेला की ग्रुप आणि यूट्यूब चॅनेलही त्याच्याबरोबर जातात. दोन टप्प्यांची पडताळणी चालू करून पिन फादरांकडे ठेवा.

ध्वनी_माहीम: आवाज फाटतो कारण मिक्सरचा लाइन आउट (आवाज बाहेर देणारी जोडणी) तुम्ही थेट फोनच्या माइकच्या भोकात घालत असणार. लाइनचा सिग्नल माइकच्या मानाने खूप जोरदार असतो. मधे छोटा यूएसबी ऑडिओ इंटरफेस (मिक्सरचा आवाज फोनला झेपेल असा देणारी डबी) लावा आणि मिक्सरच्या ऑक्स सेंडमधून (जादा आउटपुटमधून) आवाज घ्या. तो प्री-फेडर (आवाज कमी-जास्त करायच्या सरकत्या बटणाच्या, म्हणजे फेडरच्या, आधीचा) ठेवा, म्हणजे चर्चमधला आवाज कमी-जास्त केला तरी लाइव्हवर फरक पडत नाही. सर्वांत मोठ्या आवाजाला पातळी उणे १२ डेसिबलच्या आसपास राहू द्या. गायनमंडळाला वेगळा माइक द्या, नाहीतर घरी नुसता कीबोर्ड ऐकू येतो.

चित्राचा दर्जा ७२०पी पुरे. त्यासाठी इंटरनेटचा अपलोड वेग किमान ५ एमबीपीएस हवा, आणि तो मिस्साच्याच वेळी मोजा. रिकाम्या चर्चमधला आकडा फसवतो. नव्या यूट्यूब चॅनेलला लाइव्हची परवानगी मिळायला २४ तास लागू शकतात, ऐन सणाच्या सकाळी सुरुवात नको. प्रभुभोजनानंतर (मिस्सात पवित्र भाकर घेतल्यानंतर) सीडीवरचं गाणं लावलंत तर कॉपीराइटचा दावा येतो.

सिस्टर_धर्मशिक्षण: प्रभुभोजनाच्या रांगेत चेहरे दाखवू नका, कॅमेरा वेदीवरच ठेवा. धर्मशिक्षणाच्या मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय नकोतच. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालचे सगळे बालकच.

आणि लाइव्हच्या खाली एवढं कायम लिहा: हे आजारी आणि घरी अडकलेल्यांसाठी आहे. इंटरनेटवर साक्रामेंत (प्रभुभोजनासारखे पवित्र संस्कार) होत नाहीत, हे व्हॅटिकनने २००२मध्येच स्पष्ट केलंय. मग लगेच पुढची ओळ: ‘घरी प्रभुभोजन हवं असेल तर कार्यालयात कळवा’, सोबत कार्यालयाचा नंबर आणि वेळ. ही ओळ नसेल तर अंथरुणावरचा माणूस पडद्यासमोर एकटाच राहतो.

बोरिवली_युवा: मिक्सरला ऑक्स एकच आहे आणि तो मॉनिटरला (गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्पीकरला) जोडलाय. मग?

ध्वनी_माहीम: मागे रेकॉर्ड आउट किंवा टेप आउट असेल, तो इंटरफेसच्या लाइन इनला जोडा. फक्त तो बहुधा मुख्य फेडरनंतरचा असतो, म्हणून मिस्सा सुरू झाल्यावर त्या मुख्य फेडरला (मास्टरला) हात लावू नका.