थायरॉइड निघायच्या आधी तुम्हाला काय काय सांगितलं गेलं?

परवा कपाट आवरताना जुनी फाइल सापडली. २०१९ ते २०२२चे कागद. हिमोग्लोबिन, बी-१२, डी-३, पोटाची सोनोग्राफी, सगळं आहे. टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, तेवढी कुठेच नाही. त्या काळात वजन अकरा किलो वाढलं, पुण्याच्या मे महिन्यात मी पंखा बंद करून झोपायचे आणि कणीक मळून झाली की खाली बसावं लागायचं. सासूबाई म्हणायच्या, "आमच्या वेळी पन्नास पोळ्या व्हायच्या." नवरा म्हणायचा, मोबाइल कमी कर. डॉक्टर म्हणाले, चाळिशी आली, चालायला जा. गेले की! बिल्डिंगला एक फेरी मारून घरी येऊन झोपायचे.

सापडलं ते बांगड्यांमुळे. पुतणीच्या लग्नात कासारीण माझा हात दाबून दाबून थकली. "ताई, मागल्या लग्नात सव्वादोनच्या भरल्या होत्या तुम्हाला. आता अडीचच्याही जाईनात." शेजारी चुलतनणंद बसली होती, नर्स आहे ती. तिने तिथेच नाडी मोजली. ५२. भुवयांची टोकं विरळ झालीयेत, हे मला आरशात कधी दिसलं नव्हतं, तिला दिसलं. म्हणाली, "वहिनी, सोमवारी टीएसएच करा." ८६ आलं. थायरॉइड कमी पडलं की हा आकडा वाढतो. कागदावर नॉर्मल ४.५पर्यंत.

तुमचं कसं सापडलं? त्याआधी त्या दुखण्याला घरच्यांनी काय नाव दिलं होतं? लिहा.

*

हा बायकांचा आजार, या समजापायी माझी आणखी दोन वर्षं गेली. भजनी मंडळात मी काळी दोनमध्ये म्हणायचो. आवाज जड होत गेला. पेटीवाले काका एक अक्षर न बोलता पट्टी उतरवत गेले. पांढरी एकवर आलो तेव्हा मलाच लाज वाटली. घशाच्या डॉक्टरांनी अॅसिडिटी सांगितली. मग कोलेस्टेरॉल २८४ निघालं, त्याची गोळी लागली आणि पिंडऱ्या अशा धरायला लागल्या की जिना चढवेना. पिंडऱ्यांसाठी गेलो त्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड बघितलं. ते कमी पडलं की कोलेस्टेरॉल वाढतं, हे तेव्हा कळलं. सात-आठ महिन्यांनी कोलेस्टेरॉलची गोळी त्यांनीच बंद केली. आवाज काळी एकपर्यंत परत आलाय. पुढचं पांडुरंगाच्या हाती.

*

माझं उलटं. नऊ किलो उतरले आणि जो तो विचारी, कुठलं डाएट? मीही ठोकून द्यायचे, रात्री फक्त भाकरी! खरं म्हणजे दोघांचं जेवण एकटी जेवत होते. छातीत धडधड, म्हणून टेन्शनच्या गोळ्या दिल्या. हळदीकुंकवाला माझ्या हातातली कपबशी वाजायला लागली, तेव्हा जाऊबाईंनी धरून नेलं. ग्रेव्हज निघाला, म्हणजे थायरॉइड गरजेपेक्षा जास्त चालण्याचा आजार. त्यावर कार्बिमाझोलची गोळी चालू आहे. ताप येऊन घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पांढऱ्या पेशी तपासायच्या, हे डॉक्टरांनी फाइलच्या पुठ्ठ्यावर लाल पेनाने लिहून दिलंय.

*

डॉक्टरांनाच सगळा दोष नको. बाळंतपणानंतर केस मुठीने जायचे, दिवसभर रडू यायचं. मला तपासणी दोनदा लिहून दिली होती. पैसे वाचवायला मीच टाळली. आई म्हणाली, डिंकाचे लाडू खा. खाल्ले.

*

आई ७४ वर्षांची. साताऱ्याला असते. रोज संध्याकाळी वाती वळायची, ते बंद झालं. नुसती कापूस हातात धरून बसायची. भाऊ म्हणाला, विसरायला लागली, वयच आहे. मीही मान्य केलं, याचं वाईट वाटतं. टीएसएच ४० निघालं. गोळी सुरू झाली तरी वर्षभर आकडा हटेना, डोस दोनदा वाढवला. शेवटी दिवाळीत चार दिवस राहिलो तेव्हा बघितलं: थायरॉइडची गोळी, कॅल्शियमची गोळी, दोन्ही एकाच घोटाला, तेही चहाबरोबर! डॉक्टरांनी चहा पाऊण तासाने आणि कॅल्शियम चार तासांनी सांगितलं. आता पाचला उठून पाण्याबरोबर गोळी घेते. वाती पुन्हा वळते. चहाचं मात्र अजून पटलेलं नाही तिला. आधण ठेवून घड्याळाखाली बसते आणि फोनवर मला विचारते, "पाच चाळीस झालेत, चालेल ना रे?"